वेणी कोणी घातली

आमच्या घराला मागचं दार नसतं, तर माझ्या मुलाचं नाव खराब झालं नसतं, अशी मी बरेच दिवस स्वतःची समजूत घालत होते. दारावर ढकललं की जरा बरं वाटतं. दार उलटून बोलत नाही. पण त्या दारातून बाहेर पडायला त्याला मीच शिकवलं होतं. हे सांगायला बसले आणि मधेच उठले. एकदा पाणी प्यायला, एकदा नुसतीच अंगणापर्यंत जाऊन आले. बोटं पेन धरत नाहीत म्हणून फोनमध्ये बोलून लिहितेय. फोन भलतंच काहीतरी उमटवतो, ते मग एका बोटानं दुरुस्त करते.

मी मुळात बोलणारी बाई नाही. ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या बायका घरातलं सगळं सांगून मोकळ्या व्हायच्या आणि मी तोंडात टाचण्या धरून नुसती हं हं करायची. वस्तीवर माझी ख्याती अशी, की हिला सांगितलेलं म्हणजे विहिरीत टाकलेलं. त्या ख्यातीचा मला अभिमान होता. मुलालाही मी त्याच विहिरीत टाकलं.

मांडवगण फराट्याच्या बाहेर, उसाच्या रानांमध्ये आमची वस्ती. एका अंगणात दोन घरं, एक आमचं आणि एक धाकट्या दिराचं. सासरे, म्हणजे आबा, दोन्हीकडं जेवतात आणि आमच्या पडवीत झोपतात. सासूबाई केव्हाच गेल्या. घरची मेंढरं आबांनीच विकली, पण त्यांचे हात रिकामे राहत नाहीत. माझ्या शिवणाच्या चिंध्या आणि जुन्या साड्या फाडून ते दावी वळत बसतात. अख्ख्या वस्तीची वासरं आणि शेरडं माझ्या ब्लाउजपिसांना बांधलेली असायची. माझे मालक कोरेगाव भीमाजवळच्या एका कंपनीत आहेत. थोडं अंतर मोटारसायकल, पुढं कंपनीची बस. मी अंथरुणातून उठायच्या आत ते गेलेले असायचे.

मुलगा दहावीत असताना माझी बोटं सुजायला लागली. सकाळी मूठ मिटलेली असायची ती उघडायचीच नाही. शिरूरच्या डॉक्टरांनी संधिवात सांगितला. म्हाताऱ्या माणसांचा नव्हे, तो दुसरा, जो तरण्याताठ्यालाही धरतो. गोळ्या सुरू झाल्या. कधी बरं, कधी वाईट असं चालू राहिलं, पण बोटं वाकली ती वाकलीच. मशीनवर चादर टाकली.

सुरुवातीला धाकटी जाऊ भाकरी आणून द्यायची, केस विंचरून द्यायची. तिला मी दोष देत नाही. तिच्या दारात दुभती जनावरं, पदरात लहान पोरं, शिवाय रान. ती केस विंचरायची ते वैरण कापल्यासारखं, एक डोळा चुलीवर ठेवून. मग एखादा दिवस चुकायला लागला, मग आठवडा. ती यायची बंद झाली असं कुणी म्हणायच्या आत माझ्या मुलानं सगळं उचललं होतं. मला लेक नाही. लेक असती तर तिनंही हेच केलं असतं, आणि कुणी कुणाला काही विचारलंही नसतं.

केसांचं असं झालं. आबा अंगणात दावं वळत होते आणि मुलगा त्याचं टोक धरून बसला होता. मी उंबऱ्यात. कंगवा हातातून पडायचा, मी उचलायची, परत पडायचा. त्यानं ते टोक खांबाला बांधलं आणि म्हणाला, "आई, बस इकडं." माझ्या केसांचे तीन पेड केले आणि दाव्याला घालतात तशी वेणी घालायला घेतली. पहिल्या दिवशी इतकी घट्ट, की माझ्या भुवया वर गेल्या. पण ती वेणी दिवस मावळेपर्यंत हलली नाही. खाली रिबिनीला त्यानं गाठ मारली तीही आबांचीच. कोकराच्या गळ्यात मारतात ती. कोकरू कितीही ओढू दे, गळा आवळत नाही आणि गाठ सुटत नाही.

वेणीनंतर बाकीचं आलं. पाणी तापवणं, हातात गरम पाण्याचं पातेलं देऊन बोटं मोकळी करणं, भाकरी, भांडी, कपडे. मी अंगाला परकर बांधून मोरीत बसायची आणि तो भिंतीकडं तोंड करून मागं पाणी ओतायचा, अंदाजानं. निम्मं पाणी माझ्या अंगावर, निम्मं फरशीवर. आम्ही दोघं हसायचो. साडीच्या निऱ्या त्याला माझ्यापेक्षा बारीक जमायला लागल्या.

हुकांचं मात्र काय करायचं, ते कळेना. आईच्या ब्लाउजची हुकं सोळा-सतरा वर्षांच्या मुलानं लावायची, ते त्यालाही नको होतं आणि मलाही. एक दोन सकाळी दोघंही छताकडं बघत ते उरकलं. मग त्यानंच एक दिवस विचारलं, सँडलला असते ती चिकटणारी पट्टी लावली तर? शिरूरहून वेल्क्रो आणली. मशीनवरची चादर काढली. मी बाजूला बसून सांगत गेले, पाय हळू, कापड ओढू नको, टीप परत फिरव. त्यानं माझे सगळे ब्लाउज उसवून त्यांना पट्ट्या लावल्या. पहिल्याची टीप वाकडी आली, शेवटच्याची मी मारली असती तितकी सरळ. त्या दिवसापासून तेवढं एक काम मी माझं मला करू लागले. तो मशीनवरून उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं.

कॉलेजात त्याचा पहिला तास कायम बुडायचा. दुसराही बऱ्याचदा. बारावी निघाली, पण कशीबशी.

आता दाराचं सांगते. हे सगळं आम्ही पुढचं दार लोटून करायचो. एकदा शेजारच्या वस्तीवरची एक बाई हाक न मारताच आत आली. मुलाच्या हातात माझा पिळलेला परकर. तिनं तो पाहिला की नाही, मला अजून माहीत नाही. पण मी धास्ती घेतली. पोराला बायकी म्हणतील, उद्या सोयरीक जमवताना हे उकरून काढतील, त्याच्या वडलांना कंपनीत चिडवतील. मनात एक ना दोन. आणि खरं सांगू? त्याच्या लाजेपेक्षा मला माझी लाज जास्त होती. पोटच्या पोराकडून न्हाऊन घेणारी बाई. तर मग आम्ही ठरवलं. आम्ही म्हणजे मी.

अंगणात चाहूल लागली की मी मोठ्यानं म्हणायची, "या, बसा." ते ऐकलं की हातातलं असेल ते टाकून तो मागच्या दारानं बाहेर. तिथं भिंतीला बॅट टेकवून ठेवलेली असायची. ती उचलायची, गोठ्याला वळसा घालायचा आणि पुढच्या अंगणातून आत यायचं, हिंडून आल्यासारखं. आलेलं माणूस म्हणायचं, आले बघा खेळून. मी म्हणायची, काय करणार, घरात पाय ठरत नाही त्याचा.

या वाक्याची मला सवय लागली. कुणी न विचारता मी ते म्हणायला लागले. दुकानात त्याला सामानाला पाठवलं तरी मागं उभ्या असलेल्या माणसाला सांगायची. लोकांना तरी काय, आई स्वतःच सांगतेय म्हटल्यावर.

मालकांना माहीत नव्हतं का, असं कुणी विचारेल. ते संध्याकाळी यायचे तेव्हा भाकरी टोपल्यात, कपडे दोरीवर, बायकोची वेणी घातलेली. "धाकटी आली व्हती का?" एवढंच विचारायचे. मी हं म्हणायची. सुट्टीच्या दिवशी ते उठायच्या आत आम्ही सगळं उरकायचो. मुलगा त्या वेळी दिवसभराचा दमून खाटेवर फोन घेऊन पडलेला असायचा. त्याच्या वडलांना तो फक्त तसाच दिसला. ते म्हणायचे, कंपनीत चिकटवतो, ट्रेनी म्हणून घेतायत. तो म्हणायचा, बघू. ते चिडायचे. मी भाजीत मीठ बरोबर आहे का विचारायची.

बारावी झाली त्या वर्षी पुण्याहून दोन मुली आल्या. समाजकार्याचं शिकणाऱ्या. घरातल्या आजारी किंवा म्हाताऱ्या माणसाचं वयात येणारी मुलंमुली किती करतात, ते त्यांना मोजायचं होतं. शाळेत विचारलं तेव्हा मुलींच्या बाकांवरून हात वर आले आणि मुलांच्या बाकांवरून खिदळणं आलं. म्हणून आता त्या वस्त्यांवर फिरत होत्या. शाळा सुटलेली आणि काम न धरलेली मुलं ज्या घरात आहेत, तिथं मुद्दाम. आमचं घर त्यांना कुणी सांगितलं असेल ते उघड आहे. वस्तीवर रिकामा म्हणून एकच प्रसिद्ध होता.

मी मोठ्यानं "या, बसा" म्हणाले. आत बादलीचा आवाज आला, मग मागचं दार वाजलं.

चष्मा लावलेली मुलगी बोलायला गोड होती. मुलगा मदत करतो का, असलं काही तिनं विचारलंच नाही. सकाळी पहिलं पाणी कोण तापवतं? गोळी हातात कोण देतं? रात्री हात दुखला तर कुणाला हाक मारता? कोण गावाला गेलं तर घरात अडतं? मी शिवणीवर टीप मारत जावं तशी उत्तरं देत गेले. जाऊ. जाऊच. तीच. जाऊ. ती माझ्या वेणीकडं बघून म्हणाली, "वेणी फार सुंदर घातली आहे हो. कोणी घातली?"

"जावेनं," मी म्हणाले.

नेमकी धाकटी चहा घेऊन उंबऱ्यात. तिनं माझ्याकडं पाहिलं, त्या मुलीकडं पाहिलं. तिच्या स्वतःच्या डोक्यावर कसाबसा गुंडाळलेला अंबाडा होता.

"व्हय, म्याच घातली," ती म्हणाली. "चहा घ्या, निवतोय."

तेवढ्यात मुलगा बॅट घेऊन अंगणात आला. त्या मुलीनं त्यालाच विचारलं, काय करतोस रे दिवसभर? तो माझ्याकडं बघत होता. मी बोलेन, असं त्याला वाटलं असेल. मी चहाच्या कपाला दोन्ही तळवे लावून बसले होते, बोटांना ऊब बरी वाटते म्हणून.

"काय न्हाई," तो म्हणाला. "हिंडतो."

त्या गेल्यावर त्यानं बॅट परत मागं नेऊन ठेवली आणि राहिलेले कपडे वाळत घातले. मग सहज म्हणावं तसं म्हणाला, की अशी घरचं करणारी पोरं त्या एकत्र बोलवणार होत्या म्हणं, त्यांच्याशी बोलणार होत्या. मी विचारलं, तुला जायचं होतं का? न्हाई, म्हणाला, नुसतं सांगितलं.

त्या दिवसापासून माझाच पाय घरात ठरेना. पुढच्या दारात जायची, मागच्या दारात जायची. बसले की उठावंसं वाटे. हात दुखतायत म्हणून येरझाऱ्या घालते, असं घरात सगळ्यांना वाटलं. तेही मी तसंच राहू दिलं.

मग मालकांनी माझ्या भावाला बोलावलं. भाऊ भांडगावचा, हायवेला लागून त्याची शेती. मनानं सरळ, तोंडानं फटकळ. मालकांच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी तो आला, अंगणात खाट टाकली, आबा, मालक, दीर बसले आणि मुलाला समोर उभं केलं. मी उंबऱ्याच्या आत.

भावानं आधी गोडीत घेतलं. वय काय, पुढं काय. मुलगा गप्प. मग भावाचा आवाज चढला. "आरं, आई वाकडं हात घिऊन बसली हाय. काकी परक्या घरची आसून तिचं सगळं करती. न्हाऊ घालती, येणी घालती. आन् तू पोटचा. बॅट घिऊन हिंडतोस. जरा तरी लाज वाटती का?"

मुलानं माझ्याकडं पाहिलं. खाली मान घालून बोलणी खाणारं पोर मधेच मान वर करून बघतं, तसं. मी डोक्यावरचा पदर सारखा केला. त्या पदराला सकाळी पिन त्यानंच लावून दिली होती.

धाकटी तिच्या ओट्यावर शेंगा फोडत होती. तिचे हात थांबले. आबा दावं वळत होते. त्यांचे थांबले नाहीत.

"बोल की," भाऊ म्हणाला. "आईवानी तोंडात टाचण्या धरल्यात का काय?"

दीर हसले. मीही जराशी हसले. ते हसणं मला आठवतं आणि मी आजही उठून उभी राहते.

शेवटी ठरलं, की त्याला भांडगावला न्यायचं आणि रानात राबवायचं. सुधारला तर पुढचं बघू. आईचं काय, असं कुणी विचारलं नाही. काकी हाय की. तो आत आला, पिशवीत कपडे भरले. मग कात्री घेतली आणि माझ्या गोळ्यांची पाकिटं एकेका गोळीपुरती कापून वाटीत ठेवली. मला ती पाकिटं फाडता येत नाहीत. मी म्हणाले, "जा. मामा चांगला हाय." त्यानं वाटी माझ्या हाताला येईल अशी सरकवली आणि पुढच्या दारानं बाहेर पडून मामाच्या मागं गाडीवर बसला.

दुसऱ्या दिवशी धाकटी कंगवा घेऊन आली. गुंता सोडवता सोडवता म्हणाली, "अक्का, माझ्या नावावर लई पुण्य जमा केलंत तुम्ही. आता ते फेडायला लावताय व्हय?" तिनं भांग पाडला. "त्या पोरीफुडं मी खोटं बोलले, ते तुमचं तोंड पडू न्हाई म्हणून. पर काल? काल मला वाटलं, आता तरी बोलाल." तिनं रबर लावलं. "मी बोलले आस्ते. पर मग लोक म्हणले आस्ते, करायचा कटाळा आला म्हणून पोराच्या गळ्यात घालती."

तिची वेणी दुपारीच सुटली. केस मानेवर आले, ते मला मागं घेता येईनात. मी तशीच पडवीत जाऊन आबांजवळ बसले. आबांनी केसांकडं पाहिलं. त्यांच्या हातात अर्धवट दावं होतं, माझ्याच एका जुन्या निळ्या साडीचं.

"ती गाठ मी शिकिवली व्हती त्याला," ते म्हणाले. "कोकराची."

म्हणजे इतके दिवस ते माझ्या पाठीवर ती गाठ बघत होते. मी विचारलं, "आबा, मग तुम्ही का नाही बोललात काल?"

"तू झाकीत व्हतीस. सुनंनं झाकल्यालं सासऱ्यानं उघडायचं व्हय?" मग दाव्याला पीळ देत, "पर नातू माझा बी हाय. चुकलंच."

त्या संध्याकाळी मालक आले तेव्हा मी पहिल्यांदा स्वतःहून म्हणाले, येत्या सुट्टीला मला भांडगावला न्या. का, म्हणाले. मी म्हणाले, काम आहे. तेवढेही दिवस मी गप्पच काढले. बोलायचं ठरवलं म्हणजे बोलता येतं असं नाही; मोटारसायकलवर मागं बसून पूल ओलांडला, चौफुला आला, तरी माझं वाक्य जुळत नव्हतं. मनात सगळी वाक्यं "तसं काही नाही, पण" अशी सुरू होत होती.

भाऊ खुशीत होता. "दाजी, पोरगं वाया गेल्यालं न्हाई," तो मालकांना म्हणाला. "पहाटं उठतंय. पाणी धरतंय. आन् गंमत ऐका. परवा ह्याच्या मामीला ताप आला तर पठ्ठ्या भाकरी थापाया बसला. गोल, टम्म फुगल्याली. मी म्हणलं कुठं शिकला, तर बोलतच न्हाई."

मुलगा पाइप गुंडाळत होता. मी आले तेव्हा त्यानं एकदाच पाहिलं होतं, माझ्या केसांकडं.

"माझ्याकडं शिकला," मी म्हणाले.

भाऊ हसला. तुझ्याकडं कवा, तुझं हात तर, असं काहीतरी म्हणाला.

"माझे हात गेले तेव्हाच शिकला. दादा, माझं सगळं तोच करतो. स्वयंपाक, कपडे, अंघोळ, वेणी. धाकटी नाही. ती पहिल्यांदा आली, मग तोच. कॉलेज त्यासाठी बुडालं. कंपनीत त्यासाठी गेला नाही. तुम्ही त्याला उभं करून बोललात तेव्हा मला माहीत होतं आणि मी बोलले नाही. बॅट मीच दिली त्याच्या हातात."

इतकी वाक्यं सलग मी आयुष्यात बोलले नव्हते. भावजय दारात आली. भाऊ मालकांकडं बघायला लागला, मालक जमिनीकडं. भाऊ मग मुलावरच खेकसला, दुसरं काय करावं त्याला सुचलं नसेल, "मग येड्या, बोलला का न्हाईस?"

मुलानं पाइप खाली ठेवला. "आईला नको व्हतं," तो म्हणाला आणि मोटर बंद करायला विहिरीकडं निघून गेला.

मला वाटलं होतं, सांगितलं की काहीतरी सुटेल. निघताना तो गाडीजवळ आला. मी म्हणाले, चल घरी. तो न्हाई म्हणाला. "त्या दिवशी बोलायचं व्हतंस, आई. तवा मी तुझ्याकडं बघत व्हतो." मी म्हणाले, माझं चुकलं. तो म्हणाला, "मला म्हायती हाय." मग माझा पदर गाडीच्या चाकात जाऊ नये म्हणून त्यानं तो कमरेला खोचून दिला, सगळ्यांच्या समोर.

परतीच्या वाटेवर पुलावर मालकांनी गाडी बाजूला घेतली. नदीकडं बघत उभे राहिले. "मला वाटायचं, येणी धाकटी घालती," ते म्हणाले. मी म्हणाले, मी तसंच सांगत होते. ते म्हणाले, पण मी नीट विचारलं बी न्हाई. त्यापुढं आम्ही त्यावर बोललो नाही. दुसऱ्या दिवशी कामाला जायच्या आधी ते कंगवा घेऊन माझ्यामागं बसले. त्यांची वेणी ढिली असते, बस चुकेल म्हणून घाईची, पण असते.

मुलगा भांडगावलाच राहिला. भावानं स्वतः दौंडला नेऊन त्याला आयटीआयला घातलं, इलेक्ट्रिशियनला. तिथून तो रोज जाऊन येऊन करतो. मामाच्या रानाशेजारची पोरं त्याला "वहिनी" म्हणतात, असं भावजयीकडून कळलं. म्हणजे मी ज्याला भ्यायले होते ते झालंच. त्यावर तो त्यांना काय म्हणतो, ते मला माहीत नाही. त्यानं मला हे सांगितलंही नाही. गप्प राहणं तो माझ्याकडूनच शिकलाय.

मध्यंतरी शाळेतून नंबर मिळवून मी त्या चष्मेवाल्या मुलीला फोन केला. ओळख दिली. तिला आठवत होतं. मी म्हणाले, वेणी माझ्या मुलानं घातली होती. ती म्हणाली, "मला तेव्हाच वाटलं होतं, काकू. तुम्हाला चहा देणाऱ्या काकूंचा अंबाडा बघितला. आणि त्याच्या बॅटीवर कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. खेळणाऱ्याच्या बॅटीवर ते टिकतं का?"

मग लिहिलं का नाहीत, मी विचारलं. ती म्हणाली, घरचे सांगतील तेच लिहावं लागतं, स्वतःच्या मनाचं नाही. मी म्हणाले, मग आता लिहा. तिनं विचारलं, "आता तुमचं कोण करतं?" मी म्हणाले, आता त्याचे वडील, थोडं धाकटी. "मग आता तो त्यात बसत नाही, काकू," ती म्हणाली, अगदी हळू, मला लागू नये म्हणून. काम अजून चालू आहे, जुन्या गोष्टींबद्दल विचारायचं ठरलं तर नक्की कळवते, असंही म्हणाली. तिचा काही दोष नाही. जे त्या दिवशी घरात होतं ते मी मागच्या दारानं घालवलं. आता ते नाही, आणि मी खरं सांगतेय.

परवाच्या रविवारी तो आला होता. जेवण झालं, आबांनी दाव्याचं टोक त्याच्या हातात दिलं, थोडा वेळ तो तिथं बसला. मग माझ्या ढिल्या वेणीकडं बघून म्हणाला, "ही कसली येणी, बस." मी उंबऱ्यात बसले. तो मागं. अर्धी वेणी झाली होती आणि अंगणात चाहूल लागली. शेजारच्या वस्तीवरची तीच बाई, परकराच्या दिवशीची.

माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, मोठ्यानं, "या, बसा."

मागं केसांवरचे हात सुटले. मी वळून बघेपर्यंत तो मागच्या दारापाशी पोचला होता. बॅट तिथं नाही आता, ती मी चुलीत घातली. पण त्याचा हात भिंतीच्या त्या जागेकडं गेलेला मी पाहिला. अंगणात ती बाई माझ्या अर्ध्या वेणीकडं बघत उभी होती. "काय चाललंय?" म्हणाली.

"मुलगा वेणी घालतोय," मी म्हणाले. "बसा, होतच आलीय."

मागं काहीच हललं नाही. मी समोर बघत राहिले. ती बाई खाटेवर टेकली. मग फरशीवर त्याची पावलं वाजली, तो मागं येऊन बसला आणि सुटलेले पेड त्यानं परत गोळा केले. त्यानं ते ओढले ते जरुरीपेक्षा जास्त. कानामागचे केस ताणून डोळ्यांत पाणी आलं. पुढचा पेडही तसाच, त्याच्या पुढचाही. मी हूं की चूं केलं नाही. त्यानं अगदी शेवटापर्यंत तशीच घट्ट वेणी घातली आणि खाली कोकराची गाठ मारली.